तपासणीची राहिलेली गोष्ट

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, असं म्हटलं तर माझ्या ओळखीतली माणसं हसतील. म्हणतील, तुम्ही तर ही कितीदा सांगितलीय. निरोपसमारंभात सांगितलीय, शिबिरांत सांगितलीय, लग्नाच्या पंगतीत शेजारच्यालासुद्धा सांगितलीय. खरं आहे ते. पण मी ती कायम एका ठरावीक जागी थांबवत आलो. लोक हसायचे, मी पाण्याचा घोट घ्यायचो आणि विषय बदलायचो. त्याच्या पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. घरातही नाही.

मी शिक्षक घडवणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात नोकरी केली. नगरला कार्यालय, आणि जिल्हाभर फिरती. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत जिल्ह्यात डी.एड. कॉलेजांचं पीक आलं होतं. मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर कॉलेज, दूध संघाच्या जुन्या इमारतीत कॉलेज. प्रत्येकाला राज्याची मान्यता लागे, आणि मान्यता टिकवायची तर तपासणी समिती येऊन जावी लागे. समितीत एक अध्यक्ष बाहेरचा, एक जण मंत्रालयाच्या बाजूचा, आणि जिल्ह्यातला माहीतगार म्हणून मी.

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या सहकाऱ्यानं फोन केला. नव्या तपासणी अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण होतं. "सर, तुम्ही तासभर अनुभव सांगा. ती गोष्ट सांगाच." मी गेलो. समोर सगळी तरुण मंडळी, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. आता हजेरी चेहरा दाखवून लागते म्हणे, फोटोत जागेचा ठावठिकाणा आपोआप येतो. मी म्हणालो, "यंत्र तुम्हाला कोण आलं ते सांगेल. काय चाललंय ते माणसंच सांगतात. माणसांशी त्यांच्या बोलीत बोला. साहेबाच्या भाषेत बोललात तर पाठ केलेलं उत्तर मिळेल." आणि मग ती गोष्ट सांगितली. नेहमीच्या जागी सगळे हसले. मी ग्लास उचलला.

मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. अधिकारीच, पण माझ्या नातीएवढी. "सर, पुढं काय झालं?"

"पुढं काय, कॉलेजला समज दिली."

"नाही सर. त्या मुलीचं काय झालं?"

मी ग्लास पुन्हा तोंडाला लावला. सहकारी उठून म्हणाला, "चला, चहा आलाय." सगळे उठले. ती मुलगीही उठली; तिनं मला घेरलं वगैरे नाही, चहा घेतला आणि मैत्रिणीशी बोलत बसली. पण मी घरी आलो तो जेवलोच नाही. बायको म्हणाली, "अहो, गॅलरीत किती फेऱ्या मारताय? खालची बाई विचारत होती, वर काही हरवलंय का." बसलो तर उठावंसं वाटायचं, उठलो तर कुठं जायचं ते कळायचं नाही. पुढचे कित्येक दिवस असेच गेले.

तर ती तपासणी.

कॉलेज जिल्ह्याच्या पूर्वेला, जिथून दरसाल निम्मं गाव ऊसतोडीला जातं अशा भागात. गुढीपाडवा होऊन गेला होता, ऊन तापलेलं होतं. फाटकात रांगोळी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या साड्यांतल्या छात्राध्यापिका आणि पांढऱ्या शर्टातले छात्राध्यापक. संस्थेचे अध्यक्ष गोड बोलणारे, माझा हात दोन्ही हातांत धरून, "साहेब, तुम्ही आमच्याच मातीतले. पारनेरकडचे ना?" असं म्हणणारे. आमच्या समितीचे अध्यक्ष पुण्याचे, गुडघ्यांनी बेजार, त्या संध्याकाळी शिर्डीला पोचायच्या घाईत. त्यांची तिकडची सोय संस्थेनंच केली होती.

मला आल्याआल्या कळलं की यातली बरीचशी मुलं आज फक्त तपासणीसाठी आणलीत. कळायला काही फार लागत नाही. त्यांच्या साड्यांच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. दुकानातून काढून तशाच नेसलेल्या. जादा फी भरून घेतलेल्या जागेवर नाव लावायचं, वर्षभर घरी राहायचं, परीक्षेला यायचं आणि गुरुजी होऊन बाहेर पडायचं, असा तो मामला होता. सगळ्यांना माहीत होता. सिद्ध मात्र होत नव्हता, कारण सगळे पढवलेले होते.

मी एकाला विचारलं, "सराव पाठ कुठल्या शाळेत घेतले?"

"जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, सर."

"कितवीला?"

"तिसरी आणि चौथी, सर."

दुसरीला विचारलं, तेच. तिसऱ्याला, तेच. शाळेच्या मुख्याध्यापकांना बोलावलं, त्यांचंही तेच, त्याच क्रमानं. वर्गात पाठ बघितला. बाईंनी प्रश्न पुरा करायच्या आत पोरांनी उत्तर दिलं. पोरांचाही सराव झालेला होता.

तोपर्यंत जेवढ्या तपासण्या केल्या, त्या सगळ्यांतून मी असाच हात हलवत परतलो होतो. कार्यालयात आमचा जुना शिपाई मला बघून म्हणायचा, "काय साहेब, आज पुरणपोळी का श्रीखंड?" सगळं कार्यालय हसायचं. मी पण हसायचो. आत मात्र काहीतरी टोचत राहायचं. त्या दिवशी मी ठरवलं होतं की काहीतरी हाताला लागल्याशिवाय इथून उठायचं नाही. हे ठरवणं प्रामाणिकपणाचं होतं, असं मी पुष्कळ काळ स्वतःला सांगत आलो. आज वाटतं, त्यात शिपायाच्या त्या बोलण्याचा भाग जास्त होता.

जेवणाच्या आधी मी हात धुवायला मागं गेलो. तिथं टाकीजवळ एक मुलगी उभी होती. तिची साडी धुऊन धुऊन पिवळट झालेली. म्हणजे ही रोज नेसणारी, खरी विद्यार्थिनी. मला बघून तिनं पदर सावरला. मी साहेबाची भाषा टाकली. ही माझी हातोटी होती. पारनेरकडच्या गावात वाढलो, तोंडात ती बोली होतीच. पूर्वेकडं गेलो की जरा तिकडची करायची, बस.

"काय गं बाळा, कुठली तू?"

तिनं नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"मंग औंदा बरं हाय का पिकाचं?"

ती हसली. "कशाचं पीक. आमी तर कारखान्यावरच हुतो."

"व्हय? तू बी?"

"दिवाळीनंतर गेल्ते. आयचा हात मोडला हुता. बापाचा अर्धा कोयता कोण घेनार मंग?" तोडीला नवराबायकोची जोडी लागते, त्या जोडीला तिकडं एक कोयता म्हणतात. आईच्या जागी ही गेली होती. "पाडव्याच्या आदी आलो माघारी."

"आन् कालेजाचं?"

"प्राचार्य सरांना इचारून गेल्ते की. ते म्हन्ले जा, हजेरीचं आमी बघतो. मैतरनीकडून पाठाची टाचनं मागवून घ्यायची मी. पाठ चुकवले न्हाईत, साहेब. तोडकऱ्यांच्या कोप्यांवरची पोरं गोळा करायची सांजच्याला. फळा कुठला तिथं, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खडूनं लिवायचं. सकाळी ट्रॉली ऊस भरून गेली की धडा पन गेला कारखान्यात."

मी हसलो. खरोखर हसलो. ती पण हसत होती. "मुकादम म्हनायचा, बाई, ट्रॉली पुसून दे, न्हाईतर काट्यावरचा मानूस वजन सोडून कविताच वाचत बसंल."

इथं लोक पहिल्यांदा हसतात. मी गोष्ट इथून एका उडीत पुढं न्यायचो: मग मी प्राचार्यांच्या खोलीत गेलो आणि म्हणालो, तुमची एक विद्यार्थिनी स्वतः सांगतेय की ती सबंध हंगाम उसावर होती, आणि तुमच्या हजेरीत ती रोज वर्गात बसलेली आहे. संस्थेच्या अध्यक्षांचा चेहरा पडला. बघा, बोली काय करते. लोक पुन्हा हसायचे, मी पाणी प्यायचो. संपली गोष्ट.

अध्यक्षांचा चेहरा पडला हे खरं आहे. पण क्षणभरच. मग त्यांनी शांतपणे विचारलं, "कोण मुलगी, साहेब?"

मला नाव सांगायची गरज नव्हती. मी म्हणू शकलो असतो, नाव राहू द्या, सगळ्यांचीच हजेरी नीट तपासू, गावोगाव जाऊन विचारू. समितीला तो अधिकार होता. किंवा एवढंच म्हणू शकलो असतो की तिला अडचण होती, ती सांगून गेली होती, आणि शिकवत होती. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी ठोस होतं आणि खोलीतले सगळे माझ्याकडं बघत होते. मी नाव सांगितलं. गावासकट सांगितलं. जरा चवीनंच सांगितलं.

अध्यक्षांनी कारकुनाला बोलावलं आणि आमच्यासमोर फैलावर घेतलं. "हे काय केलं तुम्ही? कुणी सांगितलं होतं असली दया दाखवायला?" मग आमच्याकडं वळून हात जोडले. "साहेब, गरिबाची पोर म्हणून कारकुनानं परस्पर लावली असंल हजेरी. चूक आमची. त्या मुलीवर नियमानं कारवाई करतो, तसं लेखी कळवतो."

प्राचार्य खिडकीकडं बघत होते. त्यांनीच तिला जायला सांगितलं होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. दोघंही बोललो नाही.

आमच्या समितीच्या अध्यक्षांना तर हायसं वाटलं. सगळं बरोबर असं लिहिलं की वरून शंका येते. एक त्रुटी सापडली, तीही संस्थेनं लगेच कबूल केली, यापेक्षा चांगला अहवाल कुठला? ते मला म्हणाले, "छान पकडलंत हो तुम्ही." नव्या कोऱ्या साड्यांचा विषय मग निघालाच नाही. मीही काढला नाही. माझं काम झालं होतं. जेवायला बसलो तेव्हा ती छात्राध्यापिका वाढत होती. माझ्या ताटात आमटी घालताना म्हणाली, "साहेब, सावकाश." तिला अजून काहीच माहीत नव्हतं.

परीक्षेच्या तोंडावर संस्थेचं उत्तर आलं: अपुऱ्या हजेरीमुळं संबंधित छात्राध्यापिकेस परीक्षेस बसू दिलं जाणार नाही, तरी त्रुटीची पूर्तता झाली असं समजण्यात यावं. मी वाचलं आणि पूर्तता झाली असा शेरा मारून सही केली. कॉलेजची मान्यता कायम राहिली. कोऱ्या साड्यांतले सगळे पास झाले. त्यांच्यातले काही आज शाळांवर असतील.

सही करताना हात थांबला होता का? थांबला होता असं लिहायला बरं वाटलं असतं. नाही थांबला. त्या दिवशी टेबलावर बरीच कामं होती.

अडलो तो नंतर. काही दिवसांनी खिडकीतून खाली बघितलं, तर कार्यालयाच्या आवारातल्या बाकावर ती बसलेली. शेजारी पागोटं बांधलेला माणूस, बापच असणार. शिपाई वर आला. "साहेब, पाथर्डीकडून मानसं आल्यात. पोरीच्या परीक्षेचं काहीतरी हाय. तुमालाच भेटायचं म्हंत्यात. पोरगी म्हंती, ते साहेब आपल्यातले हायेत, आपल्यावानी बोलत्यात, ते ऐकतील."

मला आधी वाटलं होतं की ती भांडायला आली असेल. हे ऐकल्यावर मला तिच्यासमोर जाणंच अशक्य झालं. तिला कळलेलंच नव्हतं. तिला वाटत असणार, कुणी वर्गातल्यानं चहाडी केली, आणि तिला जो एक माणूस मदत करेल असं वाटत होतं, तो मी होतो.

"सांग, साहेब दौऱ्यावर गेलेत."

शिपाई माझ्याकडं बघत उभा राहिला. "खाली तुमची गाडी हाय की."

"सांग म्हटलं ना."

तो गेला. ते दोघं लगेच उठले नाहीत. दौऱ्यावरून साहेब येतील म्हणून थांबून राहिले. बापानं फडक्यातली भाकरी सोडली, दोघांनी खाल्ली. मी खिडकीपासून लांब खुर्ची ओढून बसलो, उठलो, पुन्हा डोकावलो. चहा मागवला, तो गार झाला. वरच्या कुणाला फोन करून एका मुलीला परीक्षेला बसवा म्हणणं अवघड नव्हतं. पण मग विचारलं असतं, तुमच्याच अहवालावरून तर झालं ना हे? तेवढं टाळण्यासाठी मी त्या खोलीत बसून राहिलो. पाथर्डीची गाडी निघायची वेळ झाली तेव्हा ते गेले. शिपायानं त्या दिवसानंतर मला पुरणपोळीचं कधी विचारलं नाही.

एवढी गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. आणि त्या नातीएवढ्या अधिकारी मुलीनं नेमकं तेच विचारलं.

उन्हाळा लागल्यावर, तोडीहून माणसं परतली असतील असा अंदाज धरून मी एसटीनं पूर्वेला गेलो. बायकोला सांगितलं, जुन्या मित्राकडं जातोय. वाटेत ते कॉलेज लागलं. बंद पडून पुष्कळ वर्षं झाली; डी.एड.ला आता कोण विचारतंय, तसली बहुतेक कॉलेजं बंदच झाली. माझी तपासणी त्याला बंद करू शकली नव्हती, गिऱ्हाईक संपलं तसं ते आपोआप मिटलं. गाडीत मी सारखी जागा बदलत होतो. काय म्हणायचं ते मनात जुळवत होतो. जुळलं की पुसायचं, पुन्हा जुळवायचं.

गावात तिच्या माहेरी विचारलं, त्यांनी सासरचं गाव सांगितलं, जवळच होतं. ज्या वर्षी परीक्षा हुकली, त्याच वर्षी तिचं लग्न लावून दिलं होतं. मी पोचलो तेव्हा ती अंगणात कडबा रचत होती. आता चाळिशीकडं झुकलेली, हाताला उसाच्या पानांचे जुने ओरखडे. मी काही बोलायच्या आत तिनं ओळखलं.

"अगं बया. साहेब ना तुमी? तपासनीवाले?"

मी मान हलवली. तिनं नवऱ्याला हाक मारली. "आवो, हिकडं या. मी सांगते ना, ते साहेब." नवऱ्यानं बाज टाकली, वर सतरंजी अंथरली. ती त्याला सांगत होती, माझ्यादेखत, "एवढे साहेब आले हुते त्या दिशी, पन माझ्याशी मानसावानी हेच बोलले एकटे. परीक्षेचं झालं तवा आमी बापलेक नगरला गेल्तो ह्यांच्याकडं. भेटले असते तर काम झालं असतं. पन नशिबात न्हवतं, साहेब दौऱ्यावर हुते."

"आसं व्हतं," नवरा म्हणाला. "सायब लोकांला लई फिरती."

मी पाणी मागितलं. पाणी प्यायलो. इथं बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं, पण तेवढ्यात घरातून एक मुलगी चहा घेऊन आली, आईच्याच चेहऱ्याची.

"ही थोरली," ती म्हणाली. "दहावीला हाय. दरसाल हिला आजीपाशी ठेवून जातो आमी, शाळा चुकवू देत न्हाई. बरं झालं तुमी आले, इचारायचंच हुतं कुनाला तरी. हिला मास्तरीन व्हायचंय. मी म्हन्ले, हजेरीला पक्की ऱ्हा, एवढंच. तर साहेब, बारावीनंतर डी.एड.ला घालू का हिला?"

ती मुलगी दाराला टेकून माझ्याकडं बघत होती. मी सांगायला लागलो. डी.एड.चं आता पूर्वीसारखं राहिलं नाही, बारावीनंतर चार वर्षांचा नवा अभ्यासक्रम येतोय, पात्रता परीक्षा द्यावी लागते, कॉलेज बघताना मान्यता आहे का ते आधी बघा. साहेबाच्या भाषेत सांगत होतो, माझं मलाच ऐकू येत होतं. तिच्या बोलीतला एक शब्द जिभेवर येईना. दोघी मायलेकी लक्ष देऊन ऐकत होत्या. मी जितका बोललो तितकं खरं काम लांब पडत गेलं, आणि ते कळत असूनही मी बोलतच राहिलो.

गाडीची वेळ झाली. ती फाट्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत आम्ही दोघंच होतो, रस्ता मोकळा होता. यापेक्षा चांगली संधी मिळाली नसती. मी दोनदा थांबलो. दोन्ही वेळा तिला वाटलं मला धाप लागली, म्हणून ती पण थांबली.

गाडी दिसली तेव्हा ती म्हणाली, "पोरीचं काही अडलं तर येऊ का तुमच्याकडं नगरला?"

"या," मी म्हणालो.

गाडीत चढलो. खिडकीपाशी बसलो. ती खाली उभी होती, हात हलवत नव्हती, नुसती बघत होती. खिडकी उघडीच होती, आणि गाडीत सगळी वाट जुळवलेलं वाक्य आता पूर्ण तयार होतं: बाई, त्या दिवशी तुमचं नाव मी सांगितलं, तुम्ही नगरला आलात तेव्हा मी वरच बसलेलो होतो, मला माफ करा. कंडक्टरनं बेल मारली, गाडी सुटली, आणि ते वाक्य माझ्याबरोबरच नगरला परत आलं.